पंचांग कीं दिवाळी अंक?

वर्षांतून एकदां घरांत येणाऱ्या छापील वस्तूंत दोन मुख्य: एक पंचांग, दुसरा दिवाळी अंक. पंचांगाकडून कोणी नावीन्य मागत नाहीं. तिथि, वार, नक्षत्र बरोबर असलें, ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष आकाशांतल्या घटकेशीं जुळला, म्हणजे त्याचें काम झालें. 'हें तर गेल्या वर्षींसारखेंच आहे' अशी तक्रार घेऊन कोणी पंचांग-विक्रेत्याकडे गेल्याचें ऐकिवांत नाहीं. दिवाळी अंकाचें तसें नव्हे. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून मराठी वाचक दर दिवाळीस एकच प्रश्न विचारीत आला आहे: यंदा नवें काय? जुन्याच मंडळींनीं जुनेंच सांगितलें असेल, तर तो अंक दुपारच्या झोपेला उशाशीं जातो, इतकाच त्याचा उपयोग.

हा भेद आज आठवण्याचें कारण मलकापुराहून आमच्याकडे आलेला एक प्रश्न. हें मलकापूर बुलढाण्याकडचें नव्हे, कऱ्हाडाजवळचेंही नव्हे. कोल्हापुराहून रत्नागिरीस जातांना आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यांत लागतें तें. प्रश्न एका एकत्र कुटुंबांतील काकूंचा आहे. तीन भावांचीं मिळून घरांत पांच मुलें. त्यांतील थोरल्या पुतण्याला मोटार-शर्यतीचा, 'एफ-वन'चा, व्हिडिओ गेम दरवर्षीं नवा हवा असतो. किंमत कांहीं हजार रुपये. आजोबा म्हणतात, "गेल्या वर्षींचा आहे कीं!" पुतण्या लगेच मोबाईलवर इंग्रजी परीक्षणांतील आकडा दाखवितो: शंभरांपैकीं इतके गुण. मग आजोबा गप्प बसतात. कारण शंभरांपैकीं मिळालेल्या गुणांपुढें वाद घालण्याची आपल्या घरांत रीतच नाहीं. या आकड्यांवर विश्वास तरी किती ठेवावा, असें काकू विचारतात. प्रश्न वरून खेळाचा दिसतो. आंत तो परीक्षणाचा आहे, आणि अभिप्राय लिहिणें हा मासिकांचा जुना उद्योग असल्यामुळें आम्हांस तो टाळतां येत नाहीं.

प्रथम वस्तु काय तें पाहूं. फॉर्म्युला वन ही जगांतील अत्यंत मानाची मोटार-शर्यतमाला. तिचे संघ, चालक, मार्ग आणि नियम दरवर्षीं थोडेफार पालटतात. कोडमास्टर्स या इंग्रज कंपनीनें २०१० सालीं या मालेचा मोठा अधिकृत खेळ काढला व पुढें दरसालीं एक याप्रमाणें क्रम चालू ठेवला. २०२१ सालीं ही कंपनी अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें विकत घेतली, तरी क्रम तोच राहिला. नव्या खेळांत त्या वर्षींचे चालक, त्या वर्षींच्या गाड्यांचे रंग, त्या वर्षींचें वेळापत्रक. एवढें ऐकल्यावर कोणीही म्हणेल, हें तर पंचांग! अर्ध्या अर्थानें तें खरेंही आहे.

परीक्षकांनीं मात्र त्याला प्रायः दिवाळी अंकाच्या मापानें मोजलें. २०१० च्या खेळांतील पाऊस, ओला मार्ग आणि चाकांमागून उडणारे पाण्याचे फवारे पाहून ते प्रसन्न झाले. ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेनें २०११ सालीं क्रीडा-विभागाचें पारितोषिकही त्यास दिलें. पण ज्यांनीं पैसे मोजून तो घेतला त्यांना लौकरच दोष दिसूं लागले. चाकें बदलण्यासाठीं गाडी पिटमध्यें नेली, तर शेजारून इतर गाड्या निघून जाईपर्यंत ती तेथेंच अडकून पडे, ही तक्रार तेव्हां बरीच गाजली. २०१५ सालीं नव्या यंत्रांसाठीं खेळाची सारी बांधणी नवी केली. चित्र देखणें झालें, पण होतकरू चालकाची कारकीर्द वर्षानुवर्षें घडविण्याचा जो भाग, ज्यास 'करिअर मोड' म्हणतात, तो गाळला गेला. परीक्षकांनीं गुण कापले. २०१६ सालीं तो भाग परत आला, सेफ्टी कार परत आली, आणि सर्वत्र स्वागत झालें. जें घरांतून उचलून नेलें होतें तेंच परत आणून दिल्याबद्दल ही शाबासकी! नुसते गुण पाहणाऱ्यास ही गंमत कळणार नाहीं. दोन वर्षांचीं परीक्षणें शेजारीं ठेवून वाचणाऱ्यासच ती कळेल.

२०२० चें वर्ष तर विलक्षणच. साथीमुळें खऱ्या शर्यती खोळंबल्या आणि हंगाम ५ जुलै रोजीं ऑस्ट्रियांत सुरू झाला. तोंपर्यंत कित्येक खरे चालक घरीं बसून २०१९ च्याच खेळावर एकमेकांशीं शर्यती लावीत होते आणि लोक त्या पाहत होते. मग २०२० चा खेळ आला. खेळणाऱ्यानें स्वतः मालक व चालक होऊन अकरावा संघ उभारावा, अशी त्यांत नवी योजना होती. परीक्षकांनीं तिची मनापासून तारीफ केली. दिवाळी अंक म्हणून तो उत्तम उतरला. पंचांग म्हणून मात्र चुकला, यांत त्याचा दोष नव्हता. व्हिएतनामांतील हानोईचा मार्ग त्यांत मोठ्या मेहनतीनें रेखाटला होता. तेथील शर्यत त्या वर्षीं झाली नाहीं आणि त्यानंतरही कधीं झाली नाहीं. ग्रहण छापलें, पण आकाशांत लागलेंच नाहीं!

आतां पंचांगाच्या कसोटीकडे वळूं. लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर प्रभृतींनीं पंचांग-शुद्धीचा वाद चालविला, तेव्हां त्यांचा मुख्य आग्रह दृक्प्रत्ययाचा होता: गणितानें जें येतें तें डोळ्यांना आकाशांत दिसलें पाहिजे. शर्यतीच्या खेळांतही दृक्प्रत्यय आहेच. वळणावर खरी गाडी जशी वागते तशी ही वागते काय? आंबा घाटांतून पावसांत गाडी हांकलेल्या माणसास हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाहीं. ब्रेक किंचित् उशिरां लागला तर काय होतें, ओल्या डांबरावर चाक कसें सरकतें, हें त्याच्या हातांना ठाऊक असतें. २०२४ च्या खेळांत गाडीच्या वागण्याचें गणित नव्यानें मांडलें होतें आणि त्यासाठीं विश्वविजेता मॅक्स व्हर्स्टापेन याचा सल्ला घेतल्याचें प्रकाशकांनीं जाहीर केलें होतें. तरीही खेळ बाहेर पडतांच जुन्या खेळाडूंनीं तक्रार केली कीं, गाडी वळणांत नको इतकी सहज वळते. कांहीं आठवड्यांतच प्रकाशकांनीं तें गणित दुरुस्त केलें.

येथेंच परीक्षणाची अडचण उघड होते. परीक्षकास प्रत आधीं मिळते आणि थोड्या दिवसांत अभिप्राय द्यावा लागतो. आपल्याकडील मासिकांतही 'साभार पोच' आणि सविस्तर परीक्षण यांत अंतर ठेवलेलें असे. पुस्तक हातीं आलें एवढीच ग्वाही पोच देई, तें वाचून पचल्यावरचें मत परीक्षण देई. दहा हंगाम चालणाऱ्या कारकिर्दीचा खेळ आठवड्याभरांत तपासून लिहिलेलें मत या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडतें. शिवाय शुद्धिपत्र मागाहून येतें आणि गुण पहिल्या दिवसाचेच राहतात. मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणीं अशा अनेक मतांची सरासरी काढतात. समजा, एकानें 'नवें कांहीं नाहीं' म्हणून पंचवीस गुण कापले आणि दुसऱ्यानें 'गाडी खरी वाटत नाहीं' म्हणून पंचवीस कापले. दोघांचे मिळून पंचाहत्तर होतात. पण पहिल्याचा आक्षेप गतवर्षींचा खेळ ज्याच्या घरीं आहे त्याला लागू. प्रथमच घेणाऱ्याला तो लागूच नाहीं. एकाच आकड्यांत दोन निरनिराळ्या घरांचीं उत्तरें कोंबलेलीं असतात.

आणखी एक गोष्ट अशी आहे कीं ती कोणत्याच इंग्रजी परीक्षणांत प्रमुखपणें आली नाहीं, येण्याचें कारणही नव्हतें. ग्रेटर नोएडाजवळचा बुद्ध सर्किट हा सव्वापांच किलोमीटरांस थोडा कमी असा मार्ग २०११ च्या खेळांत होता. खेळ सप्टेंबरांत आला आणि पहिली भारतीय ग्रां प्री ३० ऑक्टोबर २०११ रोजीं झाली. म्हणजे भारतांतील मुलांनीं तो मार्ग जगांतील अव्वल चालकांच्या आधीं महिनाभर घरबसल्या धुंडाळला. ती शर्यत २०११, २०१२ व २०१३ अशी तीनच वेळां झाली आणि तिन्ही वेळां सेबास्टियन फेटल जिंकला. कर-आकारणीच्या वादांत ती पुढें बंद पडली आणि २०१४ च्या खेळांतून मार्गही गेला. २०१२ च्या खेळांत आपला नारायण कार्तिकेयन एचआरटी संघाकडून धांवतो. इंग्रजी परीक्षकाच्या मतें तो खेळ कधींच जुना झाला. पण भारतीय मार्गावर भारतीय चालक पाहावयाचा असेल तर नवा अंक कामाचा नाहीं, जुनाच काढावा लागतो. गेल्या सालचें पंचांग रद्दींत जातें; पण ज्यांत घरांतल्या कोणाचें टिपण आहे, तें आजी पेटींत जपून ठेवते.

कोल्हापूरच्या मुलांना ही आवड परकी आहे असेंही कोणी समजूं नये. शहराजवळ मोहित्यांच्या रेसिंग अकादमीच्या मार्गावर गो-कार्ट धांवतात, आणि कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ सालीं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालेंत उतरला होता. तेव्हां मलकापूरच्या पुतण्याचा छंद 'खूळ' म्हणून झटकूं नये. पण आकडा दाखविला म्हणून पाकीटही उघडूं नये.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. गुण सर्वांत शेवटीं पाहावे. आधीं परीक्षणांतून एवढेंच शोधावें कीं, गतवर्षींच्या मानानें काय वाढलें, काय गेलें आणि काय नुसतें रंगविलें. दोन महिने थांबावें, म्हणजे शुद्धिपत्र निघालेलें असतें आणि बहुधा किंमतही उतरलेली असते. आणि नवा खेळ मागणाऱ्या मुलानें हातांतल्या जुन्या खेळावर एक पानभर मराठींत अभिप्राय लिहून तो रात्रीच्या जेवणानंतर घरांत वाचून दाखवावा. गाडी कोणत्या वळणावर खोटी वाटते, कोणता भाग कंटाळवाणा आहे, कोणता अजून खेळून व्हावयाचा आहे, हें त्यानें सांगावें. धाकट्या भावंडांनीं त्यावर शंका काढाव्या. पुष्कळदां असें आढळेल कीं, जुना खेळच अजून संपलेला नाहीं. संपला असेल, आणि मुलगा तसें कारणांसह सांगत असेल, तर आजोबांनीं आनंदानें पैसे द्यावे. कारण त्या पानाची किंमत खेळाहून अधिक आहे.

विशेष म्हणजे, हा हिशेब प्रकाशकांनाही अखेर पटलेला दिसतो. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं जाहीर केलें कीं, २०२६ सालीं स्वतंत्र खेळ न काढतां २०२५ च्याच खेळाला नव्या हंगामाची पुरवणी जोडूं, आणि पूर्ण नवा खेळ २०२७ सालीं देऊं. वर्षाच्या पंचांगाला पुरवणी पुरते, आणि दिवाळी अंक जुळवावयास वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षक कित्येक वर्षें हेंच लिहीत होते; गुणांच्या खालचा मजकूर ज्यांनीं वाचला त्यांना ही बातमी नवी वाटली नसेल. आपल्या घरांत एक दिवाळी अंक सात माणसें वाचतात आणि त्यावर नऊ मतें पडतात. त्या घरच्या मुलानें परक्या सरासरीचा दाखला पुढें करावा, आणि वडील मंडळींनीं तो ऐकून मुकाट बसावें, हें कांहीं शोभण्यासारखें नाहीं.