खोली आधी, गाव नंतर

देवळा तालुक्यात सुट्टीचा बेत लवकर ठरतच नाही. एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याचे दिवस. कांदा काढायचा, पात कापायची, चाळीत भरायचा, थोडा उमराण्याच्या नाहीतर देवळ्याच्या बाजारात न्यायचा, मधेच लग्नाच्या तिथी गाठायच्या. एवढं उरकेपर्यंत मे महिना सरत आलेला असतो आणि पोरं मागे लागतात की शाळा उघडायच्या आत कुठंतरी जाऊ या. सोमवारी ठरतं आणि शुक्रवारी निघायचं असतं. धडधाकट माणसांचं एवढ्या घाईतही निभावतं. पण घरात कोणी व्हीलचेअरवर असेल, तर ह्याच चार दिवसांत कोणीतरी म्हणतं, "आईला राहू दे घरी, तिकडे तिची आबाळ होईल. शेजारच्या काकू बघतील तिच्याकडे." आणि आईही लगेच म्हणते, "हो रे, तुम्ही जाऊन या. मला आता कुठं काय बघायचंय."

माझं आवाहन आहे ते इथं थांबून विचार करण्याचं. आई तसं म्हणते ते तिला यायचं नसतं म्हणून नव्हे, आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून. ऐनवेळीसुद्धा तिला चालेल अशी खोली मिळू शकते. शोधायची रीत मात्र बदलावी लागते.

आपण आधी गाव ठरवतो, मग तिथं खोली शोधतो. घरात व्हीलचेअर असेल आणि हातात चारच दिवस असतील, तर हे उलटं करा. आधी खोली पक्की करा आणि ती जिथं मिळेल ते गाव घ्या. महाबळेश्वरच पाहिजे, अलिबागच पाहिजे असा हट्ट मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धरला, तर उरलीसुरली खोली पदरात पडते, आणि ती बहुधा जिन्यावरची असते. त्यापेक्षा नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा शहरांतली कामानिमित्त येणाऱ्यांची हॉटेलं बघा. सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी कंपन्यांची माणसं कमी येतात, त्यामुळे तिथं जागा असते. लिफ्ट असते, दारं त्यातल्या त्यात रुंद असतात. मुक्काम तिथं ठेवायचा आणि दिवसा गाडीनं फिरायचं. आणि महाबळेश्वर-अलिबागसारख्या ठिकाणीच जायचं असेल, तर शुक्रवारऐवजी सोमवारी निघा. शेतकऱ्याला शनिवार-रविवारचं बंधन नाही, त्याचा फायदा इथं घ्या.

आता फोनबद्दल, कारण सगळं तिथंच ठरतं. बुकिंगच्या ॲपवर व्हीलचेअरचं चिन्ह दिसलं म्हणून पैसे भरू नका. त्या चिन्हाचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की दारात रॅम्प आहे, किंवा हॉटेलकडे स्वतःची एक खुर्ची आहे. ॲपच्या मदत क्रमांकावर बोलूनही उपयोग नाही, तिथल्या माणसानं ती खोली पाहिलेली नसते. हॉटेलच्याच काउंटरला फोन लावा, तोही दुपारी तीन-चारच्या सुमाराला. सकाळी खोल्या रिकाम्या होत असतात, संध्याकाळी नवे लोक येत असतात. दुपारी माणूस निवांत बोलतो.

आणि "तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?" असं विचारू नका. ह्या प्रश्नाला कोणीही "हो साहेब, चालते ना, आपला मुलगा मदत करेल" असंच म्हणणार. त्यात लबाडी नसते. समोरच्याला वाटतं, खुर्ची दारातून आत आली म्हणजे झालं. आत आल्यावर बाथरूमला कसं जायचं, हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण त्याच्यावर ती वेळ आलेली नसते. म्हणून प्रश्न इंचांत विचारायचा: "दादा, बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर आत जायला निव्वळ वाट किती इंच राहते? जरा टेप लावून सांगता का? मी फोन धरतो."

हा इंचांचा हिशेब नीट कळला पाहिजे. आपल्याकडे सर्रास मिळणारी मोठ्या माणसाची घडीची खुर्ची चाकांवरच्या कड्यांसकट 25-26 इंच रुंद असते. निघण्याआधी आपली खुर्ची स्वतः मोजा, एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आता बाथरूमचं दार घ्या. मॅनेजर सांगतो, "अडीच फुटी आहे." अडीच फूट म्हणजे 30 इंच, मग जाईल की, असं आपल्याला वाटतं. पण गवंड्यानं आणि सुतारानं धरलेले ते 30 इंच बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेरून बाहेर असतात. दोन्ही बाजूंच्या चौकटीचं लाकूड वजा करा, उघड्या दाराची जाडी वजा करा. उरतात 24-25 इंच. खुर्ची अडकते ती ह्या एका इंचापायी. आणि खुर्ची बसली तरी चाक फिरवणाऱ्या हाताची बोटं चौकटीवर सोलून निघतात. म्हणून 28 इंच निव्वळ वाट असेल तरच "हो" म्हणा, 30 असेल तर उत्तम.

दार कोणत्या बाजूला उघडतं तेही विचारा. आत उघडणारं दार आतली जागा खातं, आणि आत माणूस घसरून पडला तर त्याच दाराला अडतं. मग बाहेरून ढकलताही येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार असेल तर निम्मं काम झालं. मग उंबरठा. आपल्या बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली असते, नाहीतर पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात तीन-चार इंचांची पट्टी असते. एक इंच असेल तर खुर्ची मागे कलवून जाते, चार इंच असेल तर दोन माणसं लागतात. कमोडच्या निदान एका बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का, आणि भिंतीला धरायला दांडी आहे का, हे शेवटचे दोन प्रश्न. आपल्या साध्या बाथरूमचा एक मोठा गुण मात्र लक्षात ठेवा. तिथं टब नसतो. सपाट फरशी, बादली, तांब्या आणि बसायला प्लॅस्टिकची मजबूत खुर्ची. दार पुरेसं असेल, तर महागड्या हॉटेलातल्या टबापेक्षा साध्या लॉजवरची ही मोरी आईला जास्त सोयीची पडते.

तोंडी उत्तरावर थांबू नका. बाथरूमच्या दारावर टेप धरलेला फोटो, उंबरठ्याचा फोटो, कमोडचा बाजूनं फोटो असे तीन फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. मागायला संकोच करू नका. ज्याला खोली द्यायची आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. फोटो आले की खोलीचा नंबर लिहून मागा. "तुमच्यासाठी खोली ठेवतो" ह्याला अर्थ नाही, "104 नंबर तुमच्या नावावर ठेवली" ह्याला आहे. हॉटेलात अशी खोली बहुधा एकच असते आणि गर्दीच्या दिवसांत ती आधी आलेल्या कोणालाही दिली जाते.

'तळमजला' ह्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तळमजल्याची खोली म्हणतात आणि तिला दोन-तीन फुटांचं जोतं असतं. किंवा खाली पार्किंग असतं आणि त्यांचा 'पहिला' मजला हाच तळमजला समजला जातो. लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या असतात. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, एवढं मोजायला लावा. एक पायरी असेल तर सोय होते. रॅम्पचा ठोकताळा एकास बारा आहे, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब उतार. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, आणि पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट साधारण 42 इंच लांबीची खुर्ची लिफ्टमध्ये मावते का, हेही विचारून घ्या. गाडी भाड्यानं करणार असाल तर सीएनजीची नको. डिकीत बहुधा सिलिंडर असतो, खुर्ची ठेवणार कुठं?

सगळं जमलं आणि दारच इंच-दीड इंचानं कमी पडत असेल, तरी बेत मोडू नका. हॉटेलच्या माणसाला बिजागऱ्यांतून बाथरूमचं दार काढून तिथं पडदा लावायला सांगा. दाराच्या जाडीएवढी वाट वाढते, आणि हे काम सुताराचं अर्ध्या तासाचं आहे. किंवा चाकांची कमोड-खुर्ची सोबत घ्या. ती नेहमीच्या खुर्चीपेक्षा अरुंद असते आणि शहरातल्या सर्जिकल दुकानांत भाड्यानंही मिळते. उचलून न्यायची वेळ आलीच तर खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला धरा. हातांची आणि पायांची सुटी होणारी पट्टी धरली की ती हातात येते आणि माणूस खाली जातो.

आणखी एक. ज्या बुकिंगला फुकट रद्द करायची मुभा असते, त्यांची मुदत बऱ्याच ठिकाणी येण्याच्या एक-दोन दिवस आधी संपते. त्या वेळी लोक आपापली जादा बुकिंगं सोडतात. आज "फुल्ल" म्हणणाऱ्या हॉटेलला निघायच्या दोन दिवस आधी परत फोन करा. आपणही दोन ठिकाणी खोली धरून ठेवली असेल, तर नको असलेली वेळेत सोडा. तिची वाट बघणारं दुसरं एखादं घर असू शकतं.

हे सगळं आपण मेहेरबानी म्हणून मागत नाही, हे मनात पक्कं असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं 44 वं कलम सांगतं की सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या नकाशाला परवानगीच द्यायची नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सार्वजनिक इमारतींतल्या दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं माप दिलेलं आहे: दाराची निव्वळ वाट 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, आणि दार बाहेर उघडणारं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाकडून तारे घेणाऱ्या हॉटेलांनाही दिव्यांगांसाठी खोली ठेवावी लागते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, ते सक्तीचे करा.

तरी बुकिंगच्या बाबतीत आपण मागे आहोत. अमेरिकेत मार्च 2012 पासून नियम आहे की व्हीलचेअरची खोली त्या प्रकारातल्या बाकीच्या सगळ्या खोल्या गेल्यावरच इतरांना द्यायची, तोवर राखून ठेवायची. एकदा नाव लागलं की तीच खोली त्या पाहुण्याला मिळाली पाहिजे. आणि खोलीत काय सोय आहे ते इतकं तपशीलवार सांगायचं की घरबसल्या ठरवता यावं. उशिरा बुकिंग करणाऱ्याला खरा आधार ह्या नियमाचा. लेकीकडे नाहीतर लेकाकडे तिकडं गेलेल्या आपल्या माणसांनी तो वापरावा, आणि इथल्या हॉटेल संघटनांनी कायद्याची वाट न बघता तो आपणहून पाळावा. ती एक खोली शेवटी विकायची, एवढंच करायचं आहे. त्याला पैसा लागत नाही.

आपल्या भागात ह्याची निकड वाढली आहे. सप्तशृंग गडावर जुलै 2018 मध्ये ट्रॉली सुरू झाली. त्याआधी पाचशेच्या घरातल्या पायऱ्या चढणं ज्यांना शक्य नव्हतं, ते खालूनच हात जोडून परतायचे. आता असे लोक वर जाऊ लागले आहेत, आणि वर गेलेल्या माणसाला रात्री कुठंतरी राहावंही लागतं. पुढं 2027 चा नाशिकचा सिंहस्थ आहे. त्यासाठी नाशिकपासून इकडे आपल्या विंचूर-प्रकाशा रस्त्यापर्यंत नव्या खोल्या बांधल्या जाणार, जुन्यांची डागडुजी होणार.

म्हणून देवळा, कळवण, सटाणा, वणीकडच्या लॉजमालकांना हात जोडून सांगणं आहे. सगळी इमारत बदलू नका. रस्त्याला सर्वात जवळची एक खोली निवडा. तिच्या बाथरूमची चौकट तीन फुटी करा, दार बाहेर उघडणारं बसवा, उंबरठा घासून सपाट करा, कमोडशेजारी एक मजबूत दांडी ठोका. दारातल्या पायरीला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून खडबडीत पत्र्याचा उतार करून घ्या. गवंडी, सुतार आणि वेल्डर ह्या तिघांचं काम. मग त्या खोलीचे इंच एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवा, म्हणजे फोन कोणीही उचलला तरी उत्तर तेच येईल: दार किती, उंबरठा किती, पायऱ्या किती.

आणि ज्या घरांना अशी खोली सापडेल, त्यांनी परत आल्यावर तिचा नंबर आणि दाराचं माप गावातल्या दुसऱ्या खुर्चीवाल्या घरी कळवावं. पुढच्या मे महिन्यात त्यांचाही कांदा चाळीत जायला उशीर होणारच आहे.