नारळ फोडायला पैसे आहेत, गच्ची झाडायला नाहीत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सेव्ह करून ठेवलीत तरी चालेल, पण बजेटच्या सभेआधी वाचा.

डिसेंबरात निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हातात असलेल्या नगरपालिकेत पुन्हा नगराध्यक्ष आले, नगरसेवक आले. गुलाल झाला, जेसीबीतून फुलं उधळून झाली. आता या नव्या सभागृहाचं पहिलं बजेट येतंय आणि सगळ्यात जास्त चर्चा आहे ती बायपासला होणाऱ्या नवीन प्रशासकीय इमारतीची. तळमजला अधिक तीन मजले, दर्शनी भागाला काचा, आत लिफ्ट. थ्रीडी चित्र व्हॉट्सॲपवर फिरतंय, तुम्हीही बघितलं असेल.

माझा नव्या इमारतीला विरोध नाही. गाव वाढलंय. बायपासच्या पलीकडं कालपर्यंत ऊस होता तिथं आता प्लॉटिंग आहे. जन्माच्या दाखल्याला येणाऱ्यांची लाइन जिन्यापर्यंत येते. जागा पाहिजेच. पण जुनी पालिका, शाळा, मंडई, वाचनालय, दवाखाना, नाट्यगृह यांचं काय करायचं ठरलंय, असं मी गेल्या आठवड्यात तीन नगरसेवकांना विचारलं. एक म्हणाले, "बघू." दुसरे म्हणाले, "शासनाकडं प्रस्ताव पाठवू." तिसऱ्यांनी मलाच विचारलं, "एकूण इमारती किती आहेत हो आपल्या?"

ते हसण्यावारी नेऊ नका. मलाही नक्की आकडा माहीत नव्हता. वीस वर्षं मी पालिका कव्हर करतोय.

आमच्याकडं एक शिपाई मामा होते. मे महिन्याच्या शेवटी ते न सांगता शिडी घेऊन पालिकेच्या आणि शाळेच्या गच्चीवर चढायचे. पाला, गुटख्याच्या पुड्या, पोरांचे चेंडू काढायचे, पाणी जायचे पाइप मोकळे करायचे, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट ओढायचे. मामा रिटायर झाले, पद भरलं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात शाळेच्या वरच्या मजल्यावर ओल दिसायला लागली. आता तिथं गिलावा पडून सळया उघड्या आहेत. गच्चीवर पाणी साचलं की ते स्लॅबमध्ये झिरपतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते. एका माणसाच्या दोन दिवसांच्या कामाची ही किंमत. आता दुरुस्तीचं एस्टिमेट करायचं झालं तर त्यात मामांचा अनेक वर्षांचा पगार बसेल.

जुन्या दगडी पालिकेची तऱ्हा अजून निराळी. चुन्यात बांधलेल्या भिंतीला कधीतरी कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला, वर ऑइलपेंट लावला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचा श्वास कोंडला, ओल आतच राहिली. त्याच भिंतीला लागून रेकॉर्ड रूम आहे. तुमच्या-माझ्या आजोबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तिथं कपाटात बुरशी खात पडल्यात. कुणबी नोंदी शोधायला लोकांनी गर्दी केली तेव्हा आपल्याला त्या रजिस्टरची किंमत कळली, पुढं परत विसरलो.

आणि हे फक्त ओल-बुरशीपुरतं राहत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव आधीच पाठवलेला होता, मंजुरीची वाट बघत होता. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू पेटला, ११ रुग्ण गेले. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावच्या शाळेचं छत पडलं, ७ मुलं गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्रानं सगळ्या राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करा म्हणून कळवलं. आपल्याकडं तपासणी झाली का? कागद भरून गेला एवढं मला माहीत आहे. गच्चीवर कोण चढलं होतं, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं. शाहू महाराजांनी १९१३ ला काम सुरू केलं, १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रात्रीच निघालो होतो. बाहेर रस्त्यावर नाटकवाली माणसं लहान पोरासारखी रडत होती. सरकारनं लगेच २० कोटी जाहीर केले. दिले पाहिजेतच, त्याबद्दल वाद नाही. पण बघा, जळाल्यावर काही दिवसांत कोटींचा आकडा येतो. आणि तुमच्या-माझ्या गावच्या नाट्यगृहातलं वायरिंग बदला म्हणून फाइल टाकली तर "निधी उपलब्ध नाही" असा शेरा येतो.

पैसा नाही हे पूर्ण खोटंही नाही. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून आपण राज्याच्या सहायक अनुदानावर बसलोय आणि ते पगार-पेन्शनमध्ये संपतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. राहिलेल्या ४० टक्क्यांवर प्रत्येक वॉर्डाचा रस्ता डोळा लावून बसलेला. वैशिष्ट्यपूर्ण योजना, नगरोत्थान, जिल्हा नियोजन, आमदार फंड या सगळ्यातून नवीन काहीतरी उभं राहतं. सभामंडप होतो, कमान होते, ओपन जिम होते. कारण त्याला कोनशिला लावता येते. वॉटरप्रूफिंगला कोनशिला कुठं लावणार?

अजून एक गंमत. पालिकेच्या हिशोबात आता इमारतींचा घसारा धरतात. म्हणजे इमारत दरवर्षी किती झिजली ते ताळेबंदात लिहिलेलं असतं. पण तेवढी रक्कम बाजूला कुठंच ठेवलेली नसते. आपण आपली झीज इमानदारीनं मोजतो आणि फाइल बंद करतो.

आता माझी चूक सांगतो. २०१५ च्या आसपास तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी घरपट्टीची फेरआकारणी आणली होती. मी पहिल्या पानावर बातमी केली, 'नागरिकांवर करवाढीचा बोजा'. मोर्चा निघाला, स्थगिती आली, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्या वाढीतून काय करायचं होतं ते त्या प्रस्तावात लिहिलेलं होतं, शाळादुरुस्तीही होती. मी ते पान वाचलं नव्हतं. भूमिपूजनाचे फोटो मात्र मी शेकड्यानं छापलेत. ज्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर अंक निघतो त्यांच्या नारळाचा फोटो टाळता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांना माहीत आहे. पण गच्चीवर चढून एक फोटो काढायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तर माझं नव्या सभागृहाला म्हणणं असं आहे. नवीन इमारतीचा ठराव करायचा तर करा, पण त्याआधी पालिकेच्या प्रत्येक इमारतीची यादी करा. बांधली कधी, शेवटची दुरुस्ती कधी, वायरिंग कधीचं, आग विझवायची सोय काय, रोज आत किती माणसं असतात. खासगी मालकांना तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणून नोटिसा काढताच ना, मग स्वतःच्या इमारतींचंही करा. ते सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजकडून करून घ्या, आणि अहवाल दारातल्या फलकावर लावा. खुर्चीत बसून दिलेली प्रमाणपत्रं आम्ही पुष्कळ बघितलीत. क्रम लावताना वॉर्ड कुणाचा ते बघू नका, छताखाली कोण बसतं ते बघा. शाळा आणि दवाखाना आधी. मंडईच्या पत्र्याला एक पावसाळा थांबता येईल.

पैशाचं म्हणाल तर सुरुवात गाळ्यांपासून करा. पालिकेच्या गाळ्याचं भाडं आणि तोच गाळा पोटभाड्यानं दिल्यावर येणारं भाडं यातला फरक बाजारपेठेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो फरक वसूल करा आणि दुरुस्तीच्या वेगळ्या लेखाशीर्षात टाका, दुसरीकडं वळवता येणार नाही असा ठराव करून. घरपट्टी वाढवावी लागली तर वाढवा. कुठली गच्ची, कुठली खोली, किती खर्च हे आधी लोकांपुढं ठेवा. यावेळी 'बोजा' असा मथळा मी करणार नाही, लिहून देतो. आणि मामांचं पद भरा. कंत्राटी का होईना, भरा.

एक भीतीही सांगून ठेवतो. यादी झाली की कुणीतरी जुन्या पालिकेवर 'धोकादायक' शिक्का मारायला बघेल. बाजारपेठेतली मोक्याची जागा आहे, कॉम्प्लेक्सचे नकाशे कुणाच्या तरी कपाटात तयार असणार. दगडी भिंती भक्कम आहेत. खराब झालाय तो नंतर जोडलेला स्लॅबचा भाग. पाडायचा निर्णय झालाच तर चाचण्यांचे आकडे बघून व्हावा. सायंकाळी उशिरा तहकूब सभेत नको.

बजेटची सभा याच महिन्यात आहे. प्रेक्षकांना बसायला परवानगी असते, आपण मागत नाही एवढंच. मी अर्ज दिलाय. ज्यांना यायचं त्यांनी कमेंटमध्ये सांगा.

सोबतचा फोटो काल दुपारी काढलाय. तिसरीचा वर्ग. मधली जागा मोकळी दिसते ती खेळायला ठेवलेली नाही. वरून गिलावा पडतो म्हणून बाईंनी सगळी बाकं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून घेतलीत. मुलांना विचारलं, तर म्हणाली, "मधून जायचं नाही, कडेकडेनं जायचं."