सौर वीज हवी, पण गायरानधारकाला उठवून नव्हे!

सौर पॅनलची वीज थेट महावितरणच्या तारेत सोडता येत नाही. इन्व्हर्टर डीसीचे एसी करतो, फिल्टर त्यातील हार्मोनिक्सचा कचरा गाळतो आणि ट्रान्सफॉर्मर दाब वाढवून ती वीज उपकेंद्राला जोडतो. म्हणूनच २०१७ साली आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला उपकेंद्राजवळची जमीन लागते. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. सरकारी गायरान मात्र नाममात्र भाड्याने! मग ते गायरान वर्षानुवर्षे कसणाऱ्या आपल्या भूमिहीन माणसाच्या पदरात काय? 'अतिक्रमणधारक' हा शिक्का.

आमचा विजेला विरोध नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला होता. पण तो गरिबाच्या मुक्तीसाठी.

१४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालातही भूमिहीन व अनुसूचित जातींना शासनाने दिलेले पट्टे अपवाद मानले आहेत. देगलूर तालुक्यातील बांधवांनी गाव नमुना १-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या व जुने पंचनामे आजच गोळा करावेत. मोजणी आली की तहसीलमध्ये लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.

वीज जोडण्याआधी गाळून घेतात. मग जमीन देण्याआधी कसणाऱ्याच्या हक्काचा निवाडा का नको?