इथेनॉल विका, पण आरोग्याच्या नावावर नको

उसाच्या शिरोळ तालुक्यात राहून पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल शंका काढणं म्हणजे देवळात बसून नास्तिकपणा करणं. जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. उसातून निघणाऱ्या इथेनॉलच्या पैशात शेतकऱ्याला वाटा किती, हा तिथला प्रश्न, आणि तो रास्तच आहे. पण त्या इथेनॉलनं हवेचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मग सरकारी व्यासपीठांवरून येतं ते आपण गिळतो: इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन, म्हणून ज्वलन पूर्ण, म्हणून धूर स्वच्छ, म्हणून आरोग्याला चांगलं.

यातलं पहिलं विधान पक्कं आहे. इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. अर्धवट जळालेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो त्यामुळे घटतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार 20 टक्के मिश्रणानं (ई-20) दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यानं आणि चारचाकींचा 30 टक्क्यांनी उतरला. हे आकडे भाषणात येतात. त्याच अहवालातलं बाकीचं येत नाही: नायट्रोजन ऑक्साइडचा ठाम कल दिसला नाही, आणि ॲसिटाल्डिहाइडसारखे वायू वाढले. त्यांचं प्रमाण कमी आहे, असं अहवाल सांगतो, आणि तेही खरं. पण ॲसिटाल्डिहाइड डोळे-घसा चुरचुरवतो आणि कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घातली की पावतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन छापून येतात. ॲल्डिहाइडचा रकानाच नाही. जो वायू घटतो तो मोजायचा, जो वाढतो तो मोजायचाच नाही, आणि वर इंधन स्वच्छ म्हणायचं!

आता गंमत पाहा. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात उरलेला जादा ऑक्सिजन त्याला लगेच कळतो, तो इंजेक्टरकडून जास्त पेट्रोल सोडवून हिशेब बरोबर करतो. उरलेलं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. म्हणजे इथेनॉलचा धुरातला फायदा तिथे फार उरत नाही. तो दिसतो जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलीत, जिला असं डोकं नाही. आणि इथेनॉलनं रबर नेमकं तिचंच खराब होतं. गल्लीतल्या गॅरेजात कार्बोरेटर खोललेला पाहा: फुगलेली ओ-रिंग, कडक होऊन चिरलेला पेट्रोल पाइप, वाटीच्या तळाशी पांढरट थर. दूध घालायला जाणाऱ्याच्या जुन्या गाडीनं हवा थोडी सुधारायची आणि दुरुस्तीचं बिल त्यानंच भरायचं, असा हा व्यवहार आहे. 2023 नंतरच्या गाड्यांचे सुटे भाग ई-20 सोसतील असे आहेत. त्यांच्या मालकांना ही झळ नाही.

पण म्हणून समाजमाध्यमांवरच्या आरड्याओरड्यात सामील व्हायचं कारण नाही. 'ॲव्हरेज निम्म्यावर आलं' ही थाप आहे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाचा फटका सहा-सात टक्क्यांच्या आसपास. 'इथेनॉल काढून टाका' म्हणणाऱ्यांनी त्याजागी काय घालणार, तेही सांगावं. इंजिनाचा ठोका टाळायला पेट्रोलला ऑक्टेन लागतंच, आणि इथेनॉल ते पुरवतं. पूर्वी ते शिशातून यायचं. 2000 मध्ये आपण शिसं हद्दपार केलं. बेंझिनसारख्या सुगंधी हायड्रोकार्बनमधून आणावं, तर बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. अमेरिकेनं एमटीबीई हे दुसरं ऑक्सिजनयुक्त द्रव्य वापरलं. गळक्या टाक्यांतून ते भूजलात उतरलं आणि 1996 मध्ये सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यापुढे इथेनॉल बरंच सभ्य, जमिनीतले जिवाणू ते पटकन खाऊन टाकतात. बेंझिनची जागा ते घेतं, हा त्याचा खरा आरोग्यलाभ; प्रचारात नेमका तोच नसतो.

आणि जयसिंगपूरकराच्या छातीत जाणारा धूर निव्वळ पेट्रोलचा कुठे आहे? हंगामात सांगली-कोल्हापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे डिझेल ट्रॅक्टर, फडात पेटवलेलं पाचट, यांना पेट्रोलमधल्या इथेनॉलनं काडीचाही फरक पडत नाही. उलट ते ज्या उसातून येतं, त्याच उसाचा हा धूर आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश (आसवनीचं सांडपाणी) उरतो. तो बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. तरी पंचगंगा नदीत मळीमिश्रित पाणी आल्याच्या आणि तिच्यावरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सायलेन्सरशी वाचवलेलं नदीत घालवायचं असेल, तर इथेनॉलला आरोग्याचं प्रमाणपत्र कोणत्या तोंडानं द्यायचं?

कच्च्या तेलाची आयात घटते, कारखान्याकडे पैसा लवकर येतो, ही इथेनॉलची दोन सबळ कारणं आहेत आणि तेवढ्यावर ते उभं राहू शकतं. ई-20 विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. पण कोर्टानं याचिका फेटाळली म्हणून ग्राहकाची मागणी चुकीची ठरत नाही. पंपावर मिश्रणाचं प्रमाण ठळक लिहा. जुन्या गाड्यांसाठी ई-10 ठेवा. उष्णता कमी तर दरही त्या मानानं कमी करा. आसवनीच्या खालच्या अंगाला नदीचं पाणी हंगामभर तपासून आकडे गावच्या चावडीवर लावा. यानं शेतकऱ्याच्या पोटावर पाय येतो, असं कुणी म्हणेल. तेरवाड बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात जातं, हे आधी त्यानं पाहून यावं.