ट्रक व्हेरियंट विचारत नाही

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेस बुटीबोरीच्या चौकात पंधरा मिनिटं उभं राहा. मार्केटिंगचं अख्खं पुस्तक डोळ्यांसमोरून जातं. एमआयडीसीतल्या ठेकेदाराची पांढरी बोलेरो, सुपरवायझरची वॅगनआर, वर्ध्याकडे सीटा भरून निघालेली डिझायर, आणि मिहानमधून परतणाऱ्या आमच्यासारख्या आयटीवाल्यांची सात वर्षांच्या हप्त्यावर घेतलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. या सगळ्यांच्या मधून हैदराबादकडे जाणारे ट्रक आणि टँकर. हायवे नंबर ४४ आहे शेवटी.

यातल्या प्रत्येकाला वाटतं की गाडी मी निवडली. मला विचाराल तर कंपनीनं आपल्याला त्याच्या कितीतरी आधी निवडलेलं असतं. हा ठेकेदार, हा मास्तर, हा कास्तकार, हा नवीन लग्न झालेला इंजिनियर, असे खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणासाठी वेगळी गाडी, वेगळी जाहिरात, वेगळी भाषा. याला सेगमेंटेशन म्हणतात. एमबीए झालेला एखादा मित्र असेल तर त्याने एव्हाना तुम्हाला यावर लेक्चर दिलेलंच असेल :)

आता यात वाईट काय? खरं तर काहीच नाही. उलट खण चुकला तर काय होतं ते आपण नॅनोच्या बाबतीत पाहिलं. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी ती दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली तेव्हा जगभर गाजली. स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला एक लाखात चारचाकी, यापेक्षा चांगला हेतू कुठला? साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकेल असा बांधला होता. तेवढ्या कधीच खपल्या नाहीत आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला ही चूक झाली, असं टाटा स्वतःच नंतर म्हणाले. आपल्याकडे माणूस पहिली गाडी घेतो ती गल्लीने बघावी म्हणून. पेढे वाटतो, नारळ फोडतो. 'बघा, मी सगळ्यात स्वस्तातली आणली' हे सांगायला कोण पेढे वाटेल?

हा धडा बाकीच्या कंपन्यांनी नीट पाठ केला. २०१२ मध्ये नवीन डिझायर आली तेव्हा मारुतीने जुनी बंद न करता 'टूर' नावाने टॅक्सीवाल्यांसाठी चालू ठेवली. २०१७ मध्ये पुन्हा तेच. घरच्या गाडीवाल्याला आपली गाडी टॅक्सीसारखी दिसलेली चालत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं. महिंद्राची टीयूव्ही ३०० आठवते का? २०१५ मध्ये आली, फारशी चालली नाही. २०२१ मध्ये तीच गाडी थोडे फेरफार करून 'बोलेरो निओ' झाली, कारण गावाकडे बोलेरो या नावालाच वजन आहे. मग २०२२ मध्ये स्कॉर्पिओची दोन घरं झाली. शहरी गिऱ्हाइकासाठी स्कॉर्पिओ-एन, आणि ज्याला जुनीच हवी त्याच्यासाठी क्लासिक. मारुतीही २००८ च्या सुमारापासून पद्धतशीरपणे खेड्यांत शिरली, सरपंच, मास्तर, ग्रामसेवक यांच्यापर्यंत पोचली. आज तिच्या विक्रीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग ग्रामीण आहे. नुसतं मुंबई-पुण्याकडे बघून गाड्या विकणाऱ्यांपेक्षा हे शंभर पटींनी बरं. आमच्या भागातल्या माणसाला कोणीतरी गिऱ्हाईक म्हणून मोजलं ना!

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

मागच्या वर्षी मामासोबत एका शोरूममध्ये गेलो होतो. मामा कास्तकार आहे, कापूस आणि तूर. गाडी त्याला घ्यायची होती, पण सेल्समनने आम्हा दोघांनाही पटवायचं ठरवलं. मामाला म्हणाला, "भाऊ, ही घ्या ना, सरपंच लोकं हेच घेऊन राहिले. रस्ता कसाही असू द्या, खाली लागत नाही. सीट पाडली की पोती मावतात." माझ्याकडे वळल्यावर भाषाच बदलली. "सर, टॉप मॉडेलमध्ये सनरूफ आहे, मोठा टचस्क्रीन आहे, फोन वायरलेस कनेक्ट होतो." बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "मले पोते मोजून दाखवले अन् तुले आभाळ!" हसून हसून पोट दुखलं. नंतर लक्षात आलं की धडक झाली तर आतल्या माणसाचं काय होईल, हे त्याने आम्हा दोघांपैकी कोणालाच आपणहून सांगितलं नव्हतं.

तर मुद्दा हा आहे. कंपन्यांनी सनरूफ वाटावं, अलॉय व्हील वाटावेत, लेदरची सीट वाटावी. पण वर्षानुवर्षं त्यांनी याच पद्धतीने सुरक्षितताही वाटली. बेस मॉडेल घेणारा म्हणजे 'किमतीकडे बघणारा', म्हणून त्याला एअरबॅग नाही, एबीएस नाही. टॉप मॉडेलवाला 'फीचरकडे बघणारा', म्हणून त्याला दोन्ही. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू फॉग लॅम्पच्या ओळीत जाऊन बसली.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०१४ चं आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेने त्या जानेवारीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो, पाचही बिनएअरबॅगच्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यानंतर पोलोचं दोन एअरबॅगवालं मॉडेल आदळलं, त्याला चार तारे मिळाले. गाडीचा सांगाडा तोच, नाव तेच. फरक फक्त गिऱ्हाइकाला कोणत्या खणात टाकलं याचा. फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आम्ही सॉफ्टवेअरवालेही हेच करतो म्हणा. कोड एकच, प्रीमियम ग्राहकासाठी काही फीचर उघडतो, बाकीच्यांसाठी कुलूप. पण उद्या एखाद्या बँकेने पासवर्ड फक्त प्रीमियम खातेदारांना दिला तर? आपण तिथे एक दिवस तरी पैसे ठेवू का?

शेवटी हे कंपन्यांच्या मनावर सोडून भागलं नाही, सरकारला कायदा करावा लागला. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, बाजूच्या सीटची जानेवारी २०२२ पासून सगळ्या गाड्यांना. म्हणजे अडीच वर्षं चालकाचा जीव सक्तीचा आणि शेजारी बसलेल्या बायकोचा ऐच्छिक! सहा एअरबॅगचा प्रस्ताव आमच्या नागपूरचेच खासदार असलेल्या गडकरींनी आणला. तो आधी ऑक्टोबर २०२२ पासून लागू होणार होता, मग एक वर्ष पुढे गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनीच सांगितलं की सक्ती करणार नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचं म्हणणं होतं की अशा सक्तीने छोट्या गाड्या महाग होतील आणि गरीब गिऱ्हाईक दुचाकीवरच राहील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. बायको आणि दोन पोरांना बाईकवर घेऊन ४४ नंबरवरून जाणारा माणूस एअरबॅग नसलेल्या कारपेक्षाही जास्त धोक्यात असतो. पण २०२५ मध्ये त्याच मारुतीने अल्टो के-१० आणि वॅगनआरच्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग दिल्याच की. सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि किमती उतरल्या. म्हणजे गरीब गिऱ्हाइकाला परवडणारी सुरक्षित गाडी देता येते. त्यासाठी कर कमी करता येतो, सनरूफवर नफा काढता येतो. वाट होती, ती शोधायची घाई कोणाला नव्हती.

आता बेस मॉडेल पूर्वीसारखं उघडं राहिलेलं नाही, पण खण अजून आहेत. चौथ्या-पाचव्या वर्षी जुन्या बाजारात येणाऱ्या कितीतरी गाड्या कायद्याच्या आधीच्या आहेत आणि त्या घेतो कोण, तर पहिल्यांदाच चारचाकी घेणारा माणूस. भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण ती ऐच्छिक आहे.

म्हणून मंडळी, गाडी घ्यायला जाल, किंवा गावाकडचा काका-मामा घ्यायला जाईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. एअरबॅग किती? गाडीला तारे किती? आणि ते तारे नेमक्या याच मॉडेलला मिळालेत का? सेल्समन थोडा चुळबुळेल, आत जाऊन मॅनेजरला विचारून येईल. येऊ द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला तो आपणहून सांगेल. मार्केटिंगवाल्यांना आपल्या प्रश्नांची भाषा फार लवकर कळते, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.