राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत दुकानात, शोरूममध्ये राबणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, मागची नोकरी का सोडली? ‘दाढी काढ म्हणाले.’ ‘जुमाला अर्धा तास सोडत नव्हते.’ ‘सुट्टीच्या वेळी पिशवी फक्त माझीच बघायचे.’ आणि अर्जावर काय लिहिलं? वैयक्तिक कारणास्तव.

हे कारण वैयक्तिक कसं? नियम मालकाचा, त्रास तुमचा, आणि कागदावर दोष तुमच्या घरच्या अडचणींचा! उद्या त्याच जागी दुसरा येईल, त्यालाही तोच नियम तोंडी सांगितला जाईल. असले नियम तोंडीच असतात, मित्रांनो. लिहिले की अंगाशी येतात, हे मालकाला पक्कं माहीत असतं.

2015 चा मे महिना आठवा. मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एमबीए झालेल्या मुस्लिम तरुणाला ईमेलवर कळवलं की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. देशभर गदारोळ झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कंपनीने चूक एका कर्मचाऱ्यावर ढकलली. कशामुळे? ते लेखी होतं म्हणून. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. त्याच कंपनीत निवड झालेल्या त्याच्या दोन हिंदू वर्गमित्रांनी ती नोकरी नाकारली, आणि का नाकारली ते उघड सांगितलं.

सरकारी नोकरीतही वाट सोपी नाही. जालन्याच्या राज्य राखीव पोलिस दलातला एक शिपाई दाढीपायी 2012 मध्ये निलंबित झाला. उच्च न्यायालयात हरला. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश खेहर यांनी सुचवलं, फक्त धार्मिक काळापुरती दाढी ठेवा आणि कामावर या. त्याच्या वकिलांनी ते मान्य केलं नाही. तुम्हाला त्याचा आग्रह पटो न पटो, तो का भांडतोय हे निदान सगळ्यांना ठाऊक होतं.

कलम 15 आणि 16 सरकारला बांधतात. खासगी मालकाला धर्मावरून भेदभाव करण्यापासून रोखणारा सर्वंकष कायदा या देशात नाही. पण 2017 चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा आहे. मूळ कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी आहे. त्या मूळ हिशेबाने सकाळी 9 ला आलेल्याची सुट्टी दुपारी 2 पर्यंत यायला हवी होती. जुमाची नमाज त्याच सुमारास असते. मग ती मेहेरबानी कसली? खोट एवढीच की मूळ कायदा दहा कामगारांपासून पुढे होता. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दहाचे वीस करायला मंजुरी दिली. आपल्याकडची किती दुकानं त्यात बसतील, मोजा.

घरचे म्हणतील, सबर कर. भाडं, बहिणीची फी, सगळं खरं आहे. सोडा किंवा टिकून राहा, तो निर्णय तुमचा. पण सोडलीत तर तारीख, नियम आणि तो सांगणाऱ्याचा हुद्दा अर्जात लिहा, एक प्रत शिक्का मारून घ्या, दुसरी कामगार कार्यालयात द्या.

आणि आपल्याच बिरादरीतले दुकानदार? दहा-बारा तास उभं ठेवायचं, पगारपत्रक नाही, आणि मागितलं की ‘अपना ही बच्चा है’. तिथून निघतानाही हाच अर्ज लिहायचा.