पाण्याचं वय काय हो?

मागच्या महिन्यात आमच्या इलेक्ट्रिक केटलने राम म्हटला. उघडून बघितली तर तळाला पांढराशुभ्र थर. नखाने खरवडला तर पापुद्रेच निघाले. आईने लगेच निदान केलं, "बाथरूमच्या नळाचं पाणी भरत होतास ना? बोअरचं आहे ते!"

खरं होतं. किचनच्या नळाला पालिकेचं पाणी, बाकी सगळीकडे बोअरचं. ७.४२ ची लोकल गाठायची घाई असली की माणूस जवळचा नळ बघतो, बॉस!

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग. विषय : दुसरी बोअर मारणे. सेक्रेटरी काका म्हणाले, "आपल्याच जमिनीखालचं पाणी. त्यात कोणाच्या बापाचं काय जातंय?" हात वर व्हायला लागले. माझाही अर्धा वर गेला होता. तेवढ्यात कोरम नाही असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मीटिंग पुढच्या रविवारवर गेली.

मधल्या शनिवारी आईला वज्रेश्वरीला घेऊन गेलो. देवीचं दर्शन झालं, मग तानसा नदीकाठी अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलो. ना गॅस, ना गीझर, आणि पाणी असं की पहिल्यांदा पाय झटकन बाहेर! आई म्हणाली, देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी. मी आपलं शाळेतलं ज्ञान पाजळलं, "खाली ज्वालामुखी असेल गं."

रात्री घरी येऊन वाचत बसलो आणि कळलं की मीच ढ. आपल्या डोंगरांचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो थिजून साडेसहा कोटी वर्षं होत आली. गणेशपुरीपासून खाली राजापूरपर्यंत कोकणात असे गरम झरे आहेत आणि ते मुळात आहेत चक्क पावसाचं पाणी. दगडाच्या भेगांतून ते खोल उतरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

हे कळलं कसं? पाण्यानेच सांगितलं! या झऱ्यांवर आपल्या शेजारच्या पवईच्या आयआयटीतल्या आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काम केलंय. पाण्यात नेहमीच्या ऑक्सिजनबरोबर थोडा जड ऑक्सिजनही असतो, तसाच जड हायड्रोजनही. जड मंडळी वाफ व्हायला कुरकुरतात आणि ढगातून आधी खाली उतरतात. १९६१ मध्ये हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने जगभरच्या नद्या आणि पावसाच्या पाण्यातल्या या दोघांचं प्रमाण आलेखावर मांडलं, तर ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत आले. कोकणातल्या गरम पाण्याचे ठिपके त्याच रेषेच्या आसपास पडतात. म्हणजे बर्थ सर्टिफिकेटवर जन्मस्थान : ढग.

पुढचा बायोडाटा दगड लिहितो. पाणी जितकं तापतं तितकी दगडातली सिलिका जास्त विरघळते. म्हणून वर आलेल्या पाण्यातली सिलिका मोजून खाली ते किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो, तोही थर्मामीटर खाली न सोडता! पाणी खूप तापलेल्या दगडाबरोबर फार काळ राहिलं तर दोघांत ऑक्सिजनची अदलाबदल होते आणि ठिपका रेषेवरून बाजूला सरकतो. हायड्रोजन मात्र जागचा हलत नाही, कारण दगडाकडे द्यायला हायड्रोजन फारसा नसतोच.

आणि वय? १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे जगभरच्या पावसात ट्रिशियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन वाढला. तो दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. पाण्यात तो जवळपास सापडलाच नाही, तर ते पाणी त्या चाचण्यांच्याही आधी जमिनीत शिरलेलं. म्हणजे आपल्या जन्माच्या आधीचा पाऊस!

आता माझी केटल. मुलुंडमधून तानसाची जाडजूड पाइपलाइन जाते, ती तुम्ही रोज बघता. धरणातलं पाणी डोंगरावरून वाहत येतं, दगडाशी त्याची भेट धावती. म्हणून ते मऊ. बोअरचं पाणी दगडात मुक्कामाला असतं. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो, काळ्या दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतो आणि बरोबर ठेवतो. केटलमध्ये उकळलं की तेच कॅल्शियम खडूसारखं तळाला बसतं. जितका मुक्काम लांब, तितकं सामान जास्त. आईने ज्याला नावं ठेवली तो थर म्हणजे पाण्याच्या मुक्कामाची पावतीच होती.

रविवारी मीटिंग भरली. यावेळी माझा हात वर गेला, पण प्रश्न विचारायला. "काका, आपण पंपाने उपसतो ते कधीच्या पावसाचं पाणी आहे? आणि यंदाच्या पावसातलं किती आपण खाली परत पाठवलं?"

काका चिडले नाहीत. त्यांनी वॉचमनला रेन वॉटर हार्वेस्टिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडायला सांगितलं. आत गाळ, चिप्सची पाकिटं आणि एक क्रिकेटचा बॉल. बिल्डरने बांधून दिल्यापासून तो साफ केल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. वर्षानुवर्षं आमच्या गच्चीवरचा पाऊस सरळ गटारात जात होता आणि आम्ही खालून जुना पाऊस उपसून गाड्या धूत होतो.

ठराव झाला : आधी खड्डा साफ, पाऊसभर बोअरची पातळी बघायची, दुसऱ्या बोअरचं त्यानंतर बघू. कुणीतरी कुरकुरलं, पण पास झाला.

केटल मी व्हिनेगर घालून उकळली. चालतेय मस्त. तुमच्याही केटलच्या तळाशी पांढरं दिसलं तर घासण्याआधी एकदा नीट बघा. आणि तुमच्या बिल्डिंगचा खड्डा शेवटचा कधी उघडला होता, तेही विचारून टाका. बॉल मिळाला तर बोनस!